पाठ केलेला काल

"काल मी सकाळी पाच वाजता उठलो. आंघोळ करून देवाला नमस्कार केला. मग फिजिक्सची उजळणी केली. नाश्त्याला पोहे होते. पोहे मला आवडतात, कारण माझी आई छान पोहे करते."

हे मी सकाळपासून ऐकतेय. जेवढी पोरं त्या खुर्चीत येऊन बसली तेवढ्या सगळ्यांच्या नाश्त्याला काल पोहेच होते, आणि सगळ्यांच्या आया पोहे छानच करतात. एका पोराची आई तो शाळेत असतानाच वारली, हे मला माहीत होतं. तिनंही पोहे केले. बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, "पुढचा" म्हणलं.

मी महानंदा हालगे. लातूरच्या ट्यूशन एरियात 'चाहूल' नावाचं सरकारी केंद्र आहे, तिथं समुपदेशक. नावाला समुपदेशक हो. समुपदेशन कोण घेतंय? सोळा ते चोवीस वयाच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा चाचणी घ्यायची, एवढंच काम. या गावात गल्लोगल्ली पोरं आहेत, तेव्हा काम कधी संपत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी "काय केलंस आज?" असं विचारलं तरी माझ्या डोक्यात कळ जाते.

यंत्र वाईट नाही, हे आधी सांगते. मन बिघडायचं ते एका रात्रीत बिघडत नाही. पोरगं ज्या दिवशी भिंतीशी भांडायला लागतं, त्याच्या कितीतरी महिने आधी सुरुवात झालेली असते. झोप तुटते, मित्र तुटतात, मार्क घसरतात, उगंच कुणाचा तरी संशय येतो. घरचे म्हणतात, वय आहे, अभ्यासाचं टेन्शन आहे. त्या महिन्यांत हात धरला तर पुष्कळ पोरं औषधाची वेळ न येताच सावरतात. हुकले ते महिने, तर मग वर्षं जातात.

आणि त्या महिन्यांत सगळ्यात आधी सैल होतं ते बोलणं. आपण बोलतो तेव्हा एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर जातो, ओढा ओलांडताना एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकतो तसं. यंत्राकडं भाषेतल्या प्रत्येक शब्दाचा नकाशा आहे. जवळच्या अर्थाचे शब्द त्यात जवळ, लांबच्या अर्थाचे लांब. तुम्ही तीन मिनिटं बोललात की ते तुमची पावलं मोजतं. पावलं सारखी पडली तर हिरवा. मधेच एक पाऊल भलतीकडं, "ते" म्हणजे कोण, "त्यांनी" म्हणजे कुणी याचा पत्ता नाही, असं पुन्हा पुन्हा झालं तर पिवळा. पिवळा म्हणजे आजार नव्हे. दहा पिवळ्यांतले सात-आठ पुढं ठणठणीत राहतात. पिवळा म्हणजे एवढंच, की या लेकराकडं कुणीतरी बघा बाबा, आणि लवकर बघा.

विषय कुठला द्यायचा? ज्यांनी हे बनवलं त्यांनी विचार केला, काल सगळ्यांचाच असतो. गरिबाचा, श्रीमंताचा, हुशाराचा, ढ पोराचा. म्हणून एकच प्रश्न: काल काय केलंत ते सांगा.

त्यांना बिचाऱ्यांना लातूर माहीत नव्हतं. इथं परीक्षा म्हणलं की क्लास आलाच. मेडिकलच्या प्रवेशाला हिरवा दाखला लागतो असं झालं आणि महिन्याभरात 'चाहूल'चे क्लास निघाले. आदर्श काल छापून आला. पाच वाजता उठणे, देवाला नमस्कार, पोहे. त्यात एकेक पाऊल बरोबर मापाचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोरं पाठ करतात, आईबाप ते त्यांच्याकडून म्हणवून घेतात, यंत्र हिरवं होतं. मी दोनदा वर कळवलं. वरून उत्तर आलं की प्रश्न बदलायचा विचार चालू आहे. तो अजून चालूच आहे.

मागच्या महिन्यात त्या खुर्चीत माझा भाचा बसला. मन्मथ. माझ्या धाकट्या भावाचा, चन्नवीरचा मुलगा. बारावी होऊन वर्ष झालं, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसलाय, आणि माझ्याचकडं राहतो. नियमानं नात्यातल्याची चाचणी मी घ्यायची नाही, पण केंद्रात दुसरं माणूस आहे कुठं? त्यानं माझ्याकडं न बघता सगळं म्हणलं. पाच वाजता उठलो. पोहे होते. हिरवा.

त्या हिरव्यावर माझा विश्वास बसेना. कारण आदल्या दिवशी मन्मथ पाचला उठलाच नव्हता. तो झोपलाच नव्हता. आणि माझ्या घरी पोहे झालेच नव्हते.

महिनाभर मी बघत होते. आधी त्यानं टेबल खिडकीपासून ओढून कोपऱ्यात नेलं. मग दाढी वाढली, आंघोळीला चालढकल सुरू झाली. मग एकदा भात लावायला तांदळाचा डबा उघडला तर आत त्याचा मोबाइल.

"हे काय रे?"

"राहू दे आत्या. तिथंच बरा आहे."

"अरे तांदळात मोबाइल कोण ठेवतं? भिजला होता का?"

"नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आत्या, मी कुठलं प्रकरण वाचायलोय ते त्यांना कसं कळतं?"

मी म्हणलं, क्लासचं ॲप असतं, त्यात तू काय उघडलंस ते त्यांना दिसतं. हे खरंच होतं. त्यानं मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण चार दिवसांनी जेवताना म्हणाला, "सर उत्तरं सांगतात ना टेस्टची. बी, डी, ए, ए, सी. ते सगळ्यांसाठी नसतं."

"मग कुणासाठी असतं?"

"तुला माहीत नाही का?" असं म्हणून त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी हातातला घास ताटात ठेवला. हजारो पोरं त्या खुर्चीत बसताना बघितलीत मी. दुसऱ्याचं लेकरू असतं तर त्याच मिनिटाला ओळखलं असतं. आपलं असलं की माणूस म्हणतं, थकला असेल.

मी चन्नूला फोन लावला. निलंग्याला त्याचं भुसार दुकान आहे, मागं पोत्यांची चढउतार ऐकू येत होती.

"चन्नू, मन्मथचं काही बरं दिसेना. डॉक्टरला दाखवू या."

"काय झालं? ताप आहे का?"

"ताप नाही. मनाचं आहे."

त्यानं मागच्या हमालाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "अक्का, हिरवा आला की नाही?"

"आला."

"मग? तुझंच यंत्र ना ते?"

"अरे ते पाठ केलेलं म्हणतोय तो!"

"पाठ करणारच की. मीच रोज घेतो म्हणून. रोज जेवल्यावर फोनवर म्हणून घेतो. एक शब्द चुकत नाही. ज्याचं डोकं बिघडलंय त्याचं एवढं पाठ होईल का, तूच सांग."

मी कपाळावर हात मारून घेतला. "डोकं बिघडलंय असं कोण म्हणतंय? लवकर बघितलं तर..."

"अक्का, पिवळं लागलं की लागलं. प्रवेश गेला, उद्या लग्नाला पण विचारतील. दुसऱ्याच्या पोरांना लाव काय लावायचं ते. माझ्या पोराला नको." आणि त्यानं फोन ठेवला. आई गेल्यापासून या पोराला मी वाढवलंय, म्हणजे चन्नूला. मला कधी तो असं बोलला नव्हता. फार लागलं मला ते.

दुसऱ्या दिवशी काझी मॅडमना जाऊन भेटले. मनोविकाराच्या डॉक्टर, चांगल्या आहेत, आणि माझ्यासारख्याच दमलेल्या आहेत. बाहेर बाकावर रांग, आत टेबलावर गार झालेला चहा.

"महानंदाताई, हिरव्याला मी कशी घेऊ? पिवळ्यांनाच वेळ पुरत नाही. साध्या रांगेतून आला तर दिवाळीनंतरची तारीख मिळेल."

"दिवाळीपर्यंत काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचं मत मला मान्य आहे हो. पण हिरव्याच्या वर माणसाचं मत चालत नाही, आणि ते का ते तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. सुरुवातीला चालायचं. तेव्हा समुपदेशकांनी उलट उत्तर देणाऱ्या पोरी, एकलकोंडी पोरं, ज्याचं तोंड आवडलं नाही तो, अशा सगळ्यांना पिवळं केलं. म्हणून बंद झालं, आणि बरोबरच झालं. पण मग माझ्यासारख्या बाईनं आता काय करायचं?

मॅडम हळूच म्हणाल्या, "फिरतं यंत्र घरी न्या. गप्पा मारता मारता होऊन जाऊ द्या. सगळेच करतात. त्याला सांगायलाच हवं असं नाही. पिवळा आला की उद्याच्या उद्या मी बघते."

ते यंत्र साबणाच्या वडीएवढं असतं. रविवारी दुपारी मी ते ओट्यावर, मसाल्याच्या डब्यामागं ठेवलं. चालू केलं. मन्मथला हाक मारली, शेंगा सोलायला बस म्हणलं. तो आला, भिंतीला टेकून बसला. दोघं शेंगा सोलत राहिलो. किती दिवसांनी तो असा माझ्याजवळ बसला होता! मला रडू येईल असं वाटलं. मी म्हणलं, "बोल की रे काहीतरी. आत्याशी पण बोलायचं सोडलंस?"

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

"आत्या, बोलतो. पण आधी सांग. इथं कुणी ऐकत नाही ना?"

आता काय सांगू? नाही म्हणावं, तर लेकरू मोकळं होईल, यंत्र पिवळं होईल, उद्या काझी मॅडम. हो म्हणावं, तर पोहे. एका शब्दाचा तर प्रश्न होता. आणि खोटं मी काय कमी बोलले आहे जन्मात? पण सगळं जग आपल्यावर कान लावून बसलंय अशी ज्याला भीती वाटते, त्याला "कुणी ऐकत नाही" म्हणायचं, आणि डब्यामागं कान ठेवायचा? उद्या त्याला कळलं, आणि कळतंच, तर मग या पोरानं विश्वास ठेवायचा कुणावर? औषध कुणाच्या हातून घेईल तो?

"ऐकतंय," मी म्हणलं. उठून डब्यामागचं यंत्र काढलं आणि त्याच्या पुढ्यात शेंगांच्या टरफलांवर ठेवलं. "हे ऐकतंय. मी ठेवलंय."

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. राग, भीती, आणि मग, काय सांगू, सुटका झाल्यासारखं काहीतरी. "म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं," तो म्हणाला.

"हे खरं आहे. क्लासचं ॲप बघतं ते पण खरं आहे. पण सर उत्तरं सांगतात ते तुला उद्देशून नसतं रे बाळा. ते खरं नाही."

"तुला काय माहीत कुठलं खरं अन् कुठलं नाही?"

"मलासुद्धा दर वेळी कळत नाही. कळत नाही तेव्हा मी कुणाला तरी विचारते. तुझे आजोबा होते तोवर त्यांना विचारायची."

त्यानं यंत्र उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि बंद केलं. मी अडवलं नाही. संपलं, असं मला वाटलं. इतकी दमले होते की वाईटसुद्धा नीट वाटेना. तो मात्र उठला नाही. शेंगा सोलत सोलत एकेक विचारत राहिला. पिवळा आला तर काय होतं? घरी कळवतात का? गोळ्या देतात का? मेडिकल जातं का?

मी काही लपवलं नाही. गोळ्या लगेच देतीलच असं नाही, म्हणलं. झोपेचं बघतील, दर आठवड्याला बोलतील, घरच्यांना शिकवतील. मेडिकलचं मात्र या वर्षी अवघड आहे. पुढच्या वर्षी परत चाचणी होते. हिरवा आला तर वाट मोकळी, पण कुणी आडकाठी करणारच नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

"आणि नाही गेलो तर?"

"नाही गेलास तर मला भीती वाटते," मी म्हणलं. "लई भीती वाटते मन्मथ."

दोन दिवस तो कोपऱ्यातल्या टेबलाशीच बसून होता. तिसऱ्या दिवशी मी केंद्रावर निघाले तर चपला घालून दारात उभा. "मी सांगतो खरं काय ते. पण निलंग्याहून अप्पाला बोलव. त्याला मागून कळलं तर तो तुझ्याशी जन्मात बोलायचा नाही." स्वतःचं मन हातातून सुटत चाललेलं ते लेकरू, आणि काळजी माझी करत होतं.

चन्नू दुपारच्या बसनं आला तो तणतणतच. "पोराच्या डोक्यात काय भरवलंस अक्का? आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून गप्प बसायलोय मी." मन्मथ म्हणाला, "अप्पा, बस." चन्नू बसला. स्वतःहून मागितली तर वर्षाच्या आतही चाचणी परत घेता येते, आणि अठरा पुरी झालेल्या पोराच्या संमतीनं घरच्यांना आत बसता येतं. मी यंत्र चालू केलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. काल काय केलंस?

खुर्चीच्या दांड्यावर मन्मथची बोटं हलत होती.

"काल मी..." तो म्हणाला आणि थांबला.

"सकाळी पाच वाजता उठलो," चन्नूनं हळूच आठवण करून दिली. रोज फोनवर करून देतो तशीच. "देवाला नमस्कार..."

"अप्पा, ते काल नव्हतं. ते कधीच नव्हतं."

चन्नूनं माझ्याकडं बघितलं.

"काल मी उठलो नाही, कारण झोपलो नव्हतो," मन्मथ बोलायला लागला. "वरच्या टाकीत पाणी पडत होतं. सर म्हणाले बी. माझ्या नंबरात पण तेच आहे. मग त्यांनी टाकी बंद केली, म्हणजे त्यांना कळलं होतं. मी जिन्यात जाऊन बसलो. जिन्यात भिंत जवळ असते. बायोलॉजीत पण भिंत असते, पेशीला. प्राण्यांच्या पेशीला नसते. म्हणून आपल्याला ऐकू येतं. मला वाटलं अप्पाला फोन करावा. मोबाइल हातात घेतला. पण अप्पा विचारील, काल काय केलंस. मग मला ते पोह्याचं म्हणावं लागंल. म्हणून नाही केला."

तो बोलत होता आणि मी यंत्राच्या पडद्याकडं बघत नव्हते. बघायची गरजच नव्हती. चन्नू मात्र आधी पडद्याकडं बघत होता, मग मुलाकडं बघायला लागला. दुकानात पोती उचलून रुंद झालेले त्याचे खांदे उतरत उतरत गेले. तीन मिनिटं झाली, यंत्रानं बारीक आवाज केला आणि पिवळा दिवा लागला.

"अक्का," चन्नू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "किती पडले?"

इतर कुणी विचारलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडात दुसरा प्रश्नच नव्हता. आमच्या गावानं दुसरा शिकवला कुठं कुणाला?

"मार्क नसतात रे ह्यात," मी म्हणलं. "उद्या सकाळी डॉक्टरांकडं जायचं असतं. तिघांनी जाऊ."

त्यानं मान हलवली. मी यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली. बाहेर बाकावर पोरं थांबली होती, कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं, त्याला मी थांब म्हणून हात केला. मन्मथ अजून खुर्चीतच होता. खाली बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. चन्नूनं आपली खुर्ची त्याच्या गुडघ्याला लागेल इतकी पुढं ओढली.

"मग?" त्यानं विचारलं. "जिन्यात बसलास. पुढं काय झालं काल?"